भिंतीकडची जागा

आमच्या डोंबिवलीच्या घरात पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली आहे. ती बाजू माझी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हा निकाल लागला आणि बत्तीस वर्षांत त्यावर अपील झालेलं नाही. पाठीला भिंत लागली की मला झोप लागते. भिंत नसेल तर रात्रभर फलाटाच्या कडेला निजल्यासारखं वाटत राहतं. लग्नाकार्याला गेलो की मी हॉलमध्ये जेवणाआधी भिंत बघून ठेवतो. मी सतत कडेला असतो म्हणून नातेवाईक मला भिडस्त समजतात.

अशा माणसानं खरं तर नर्मदा परिक्रमेला जाऊ नये. पण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगणार कोण? जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून घराबाहेर पडलेल्या मराठी माणसांची एक वेगळी जात आहे, त्यात माझी भर पडली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देऊन टाकला. म्हणजे पुढच्या नोव्हेंबरापर्यंत सरकारदरबारी मी जिवंत होतो, मग काठावर काही का होईना. आणि ओंकारेश्वर गाठलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि 1312 किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं नावेतून पलीकडे व्हायचं, दुसऱ्या काठानं उगमापर्यंत चढायचं, उगमाला वळसा घालायचा आणि निघालो तिथं परत यायचं. मध्ये नदी कुठंही ओलांडायची नाही. शास्त्राप्रमाणे या सगळ्याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आम्हा घाईच्या लोकांना रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून चार महिने पुरतात. चातुर्मासात चालायचं नाही, म्हणून कार्तिकी एकादशीला देव उठले की निघायचं. देवांच्या पाठोपाठ थंडीही उठते, हे पुस्तकात फारसं कुणी लिहीत नाही.

पंढरीच्या वारीत कुठल्या तिथीला पालखी कुठं, हे ठरलेलं असतं. दिंडीत नाव घातलं की तंबूत तुमची वीतभर जागा पक्की. परिक्रमेत तसलं काही नाही. दिवस मावळेल तिथं थांबायचं. आश्रम, धर्मशाळा, देऊळ, शाळेची पडवी, कुणाची तरी ओसरी, जे समोर येईल ते. तिकडे या झोपायच्या जागेला 'आसन' म्हणतात. आश्रमात शिरलं, "नर्मदे हर" म्हटलं की आतून आवाज येतो, "नर्मदे हर, बाबाजी! आसन लगा लो." पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं, बाबाजी कोण आलेत म्हणून. मागं कुणी नव्हतं. दाढी गुळगुळीत, कपाळावर माकडटोपीचा वळ, खिशात पासबुक, आणि मी बाबाजी! बायकांना तिकडे 'माताराम' म्हणतात. हे मी घरी फोनवर सांगितलं, तर ही म्हणाली, "घरी आल्यावर म्हणून बघा." मग नेहमीचा प्रश्न: "जेवलात का? भिंत मिळाली का?"

नव्हती मिळाली. पहिल्याच मुक्कामाला हॉलमध्ये शिरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. हॉल रिकामा होता, पण भिंती भरल्या होत्या. चारी बाजूंना पंगतीला बसल्यासारखे परिक्रमावासी ओळीनं, प्रत्येकाची पाठ भिंतीला, आणि मध्ये गरबा खेळता येईल एवढी मोकळी फरशी. मी तिथं दंड-कमंडलू घेऊन उभा राहिलो आणि मला कळलं की जगात माझ्यासारखे खूप लोक आहेत आणि ते सगळे माझ्या आधी पोचलेत.

आता डोंबिवलीकराला जागा धरायला शिकवावं लागत नाही. चालत्या लोकलमध्ये उडी मारून खिडकी पकडण्यात माझं तारुण्य गेलंय. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून मी एकदा आठ माणसांच्या कुटुंबाला महाबळेश्वरपर्यंत बसवून नेलंय. वैराग्याच्या वाटेवर ही विद्या सोडून द्यावी असा माझा प्रामाणिक विचार होता. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी आश्रमाच्या फाटकातून आत शिरता शिरताच मी पाठीवरची अंथरायची पट्टी सोडून एका कोपऱ्याकडे भिरकावली. ती एका ध्यानस्थ साधूच्या मांडीवर पडली. त्यांनी डोळे उघडले, पट्टी नीट गुंडाळून मला परत दिली आणि पुन्हा डोळे मिटले. कोपरा त्यांचा होता, आणि मला वाटतं, बऱ्याच वर्षांपासून असावा.

माझ्याकडे यादीही होती. निघण्याआधी महिनाभर खपून मी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता: गाव, अंतर, आश्रम, भोजन आहे की सदाव्रत. सदाव्रत म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ मिळणार, शिजवायचं आपण. शेवटचा रकाना होता 'शेरा'. त्या तक्त्याला प्लॅस्टिकचं आवरणही घातलं होतं. तिसऱ्या मुक्कामाला तक्ता एका गावी आणि मी दुसऱ्या गावी, अशी आमची फारकत झाली ती कायमची. पुढे त्या प्लॅस्टिकचा उपयोग झाला. फुटक्या खिडकीच्या चौकटीत ते बरोब्बर बसायचं.

रस्त्यात एक गुरुजी भेटले आणि शेवटपर्यंत सोबत राहिले. नाशिककडचे, निवृत्त हेडमास्तर. त्यांचं तत्त्व असं की मुक्कामाचा विचार मनात आणायचाच नाही. नर्मदामैया देईल ती जागा. सकाळी ते नामस्मरण करत चालायचे, दुपारी पाणिनीवर बोलायचे, आणि तीन वाजले की गप्प व्हायचे. चारला त्यांची चाल वाढायची. साडेचारला ते माझ्या पुढे दोनशे पावलं असायचे. मी पोचेपर्यंत त्यांची सतरंजी भिंतीला लागलेली असायची आणि ते म्हणायचे, "या साहेब. मैयानं दिली."

अडीच हजारांहून जास्त किलोमीटर नदीकाठानं चाललो. सूर्य उगवताना पाहिला, धुक्यातून नावा निघताना पाहिल्या, काठावरच्या गोट्यांत शिवलिंगं पाहिली. हे सगळं सकाळच्या खात्यात. दुपारी तीननंतर माझ्या डोक्यात भिंतीखेरीज काही नसायचं. आणि गुरुजींच्याही नसायचं, हे मी त्यांच्या समक्ष लिहायला तयार आहे.

भिंतीही एका जातीच्या नसतात. सगळ्यात भाव स्वयंपाकघराच्या पाठच्या भिंतीला. पलीकडे चूल पेटलेली असते, अलीकडे पाठ शेकत राहते. पण ही ऊब रात्री दहाला संपते आणि पहाटे साडेतीनला त्याच भिंतीपलीकडे भांड्यांचा कारभार सुरू होतो. दुसरी प्लगची भिंत. साऱ्या हॉलला एकच बटणांचा बोर्ड असतो. त्यावर कुणी तरी तीन तोंडांची पिन लावतो, तिच्या एका तोंडात दुसऱ्याची, असं करत रात्री नवापर्यंत तिथं मोबाइलचं झुंबर तयार होतं. त्याखाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पहाटे चारला पहिला गजर कोसळतो. मायेचा त्याग केलेल्या माणसांचे रिंगटोन ऐकणं हाही एक अनुभव आहे. तिसरी दाराशेजारची. ती वयस्कर लोकांसाठी सोडायची रीत आहे, रात्री उठावं लागतं म्हणून. पहिल्या महिन्यात मी ती सोडली. दुसऱ्या महिन्यापासून लोक ती माझ्यासाठी सोडू लागले.

आणि भिंत मिळाली म्हणजे झोप मिळाली असं नाही, कारण पुढचा प्रश्न पायांचा. पाय मैयाकडे करायचे नाहीत. ते उघड आहे, तिचीच परिक्रमा चाललीय. देवाकडे करायचे नाहीत. धुनीकडे करायचे नाहीत. आणि दक्षिणेकडे तर आपण घरीही करत नाही, ती यमाची दिशा. आता दक्षिण तटावर नदी उत्तरेला. म्हणजे उत्तर गेली, दक्षिण गेली. पूर्वेला गाभारा. पश्चिम तेवढी राहिली, तर तिकडे गुरुजींचं डोकं आणि त्यातून निघणारा आवाज. परिक्रमावासी पाय पोटाशी घेऊन झोपतात ते थंडीनं, असं लोकांना वाटतं. पुढे समुद्रावरून पलीकडे गेल्यावर हा गुंता थोडा सुटला. उत्तर तटावर मैया आणि यम दोघंही दक्षिणेलाच, त्यामुळे एक दिशा शिल्लक पडते. उत्तर तट जास्त पुण्यवान का वाटला, याचं माझ्यापुरतं कारण हे.

गुरुजींच्या घोरण्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याच्यामुळे दोनदा आम्हाला अख्खी भिंत मिळाली. रात्री अकरापर्यंत शेजारचे उठून गेले होते.

निमाडातले सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. रावेरखेडीला थांबलो. तिथं नदीकाठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 28 एप्रिल 1740 ला, मोहिमेच्या मुक्कामातच ते इथं गेले. आयुष्य घोड्यावर आणि राहुटीत काढलेला माणूस. तिथं बसलो असताना मला माझ्या भिंतीची जरा लाज वाटली. ती सूर्यास्तापर्यंत टिकली.

पुढे शूलपाणीची झाडी. या भागातले भिल्ल म्हणजे मैयाचे भाऊ, म्हणून परिक्रमावासीयांचे मामा. मामांनी भाच्यांना अंगावरच्या वस्त्रांसकट लुटावं आणि वैराग्याचा पहिला धडा द्यावा, अशी जुनी परंपरा. आता जुनी वाटच सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलीय, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही गेलं, आणि मामा लुटायचं सोडून जेवायला घालतात. वाट सातपुड्याच्या डोंगरांवरून जाते. मध्येच कुठे तरी नंदुरबार जिल्हा लागतो आणि धडगाव-मोलगीच्या बाजूला अचानक मराठी पाट्या दिसतात. त्या रात्री जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत झोपलो. दार उघडं ठेवलेल्या वर्गात भिंतीवर तक्ते होते. अननस, आई, इमारत. महिनाभर हिंदी बोलून माझी जीभ आखडली होती. मी निजल्या निजल्या 'अननस' असं मोठ्यानं वाचलं. गुरुजी झोपेतच म्हणाले, "शाबास. पुढचं."

त्या भागात एका मामाकडेही राहिलो. कुडाचं घर, आत शेळ्या, कोंबड्या आणि माणसं, सगळ्यांना एकच छप्पर. मला शेळीशेजारची जागा मिळाली. एरवी मी नाक मुरडलं असतं, पण बाहेर दात वाजत होते. शेळीसारखी उबदार भिंत नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो. ती श्वासही घेते, त्यामुळे लयीवर झोप येते. दोष एवढाच की पहाटे या भिंतीनं माझ्या माकडटोपीचा गोंडा खाल्ला. "भिंत मिळाली का?" असं हिनं विचारलं तेव्हा मी "हो, पण ती चरायला गेली," असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "ताप-बिप नाही ना आलाय?"

गुजरातेत समुद्राजवळ पोचलो तेव्हा मुक्कामाचा प्रकार बदलला. पलीकडच्या मिठी तलाईला नेणारी नाव भरती असेल तेव्हा सुटते. भरती माणसाची झोप बघून येत नाही. त्यामुळे अलीकडच्या काठावर परिक्रमावासी साचत जातात. चारशे माणसं, चिठ्ठीवर नंबर, मंडपाला तीन बाजूंनी कनात आणि चौथ्या बाजूनं खारा वारा. कनात म्हणजे भिंत नव्हे, यावर माझं आणि गुरुजींचं एकमत होतं. दुसऱ्या रात्री मात्र एक जण नावेत गेला आणि शेजारच्या पक्क्या खोलीत, पक्क्या भिंतीला, माझी वर्णी लागली. आनंदानं मी मोजेही काढून झोपलो. रात्री दीडला पुकारा झाला, "चलो बाबाजी, पानी आ गया!" उठलो तो मोजा एकच सापडला. चिखलातून नावेपर्यंत गेलो. नावेत सगळे बाहेरच्या फळीला पाठ लावून बसले आणि या एका रात्री प्रत्येकाला भिंत मिळाली. फक्त ती हलत होती, आणि तिच्या पलीकडे अरबी समुद्र होता.

उत्तर तटावर थंडी खरी सुरू झाली. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी सावंतवाडीकडची बरीच मंडळी भेटली. स्वामींचं माणगाव तिकडचंच. कोकणी माणसाला थंडीची सवय नसते, तो स्वेटरवर स्वेटर घालून वर पंचा गुंडाळतो आणि मग हात खाली येत नाहीत. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर तास-दोन तास बसलो. त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. एवढ्या मोठ्या बाईंना सूचना करणं शोभत नाही, पण धर्मशाळा बांधताना आत आणखी दोन-चार भिंती घातल्या असत्या तर माझ्यासारख्यांची सोय झाली असती.

इथं बसवाल्यांचा विषय काढायला हवा. परिक्रमा बसनंही होते, पंधरा-वीस दिवसांत. ती करणारी मंडळी पुण्या-मुंबईकडची, बरोबर आचारी, पुरणपोळीचं पुरणसुद्धा बरोबर. एका धर्मशाळेत आम्ही संध्याकाळी पोचलो तर दोन बसगाड्या आधीच लागलेल्या. गाद्या त्यांच्या, खोल्या त्यांच्या, गरम पाण्याची बादलीही त्यांची. आम्ही व्हरांड्यात. पण आम्ही पायी चालणारे आहोत असं कळताच सगळी मंडळी बाहेर आली आणि रांगेनं आमच्या पाया पडू लागली. एक काका तर चक्क माझ्याच बिल्डिंगच्या मागच्या गल्लीतले निघाले. पाया पडून उठले आणि म्हणाले, "धन्य आहात. काही लागलं तर सांगा." मी म्हणालो, "आत भिंतीला जागा…" ते हात जोडून म्हणाले, "छे छे, तुमच्यासारख्यांना आमच्यात कुठं!" आणि दार लावून घेतलं. नंतर दार किलकिलं करून चिवड्याचं पाकीट बाहेर दिलं. चिवडा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

आणखी एका आश्रमात, नाव सांगत नाही, भिंतही मिळाली, रजईही मिळाली आणि पाय पसरायला मोकळी दिशाही मिळाली. एवढं सगळं एकत्र आलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जागा रिकामी का, याचा उलगडा रात्री आठला झाला. भिंतीपलीकडे चोवीस तासांचा रामचरितमानसाचा पाठ होता आणि कर्णा माझ्या उशाच्या बरोब्बर वर टांगलेला होता. रात्री दोनला पाठ म्हणणाऱ्यांची पाळी बदलते. पहिल्याचा आवाज घोगरा होता, त्याची सवय होत आली होती. दुसरा ताज्या दमाचा होता.

रजयांबद्दल एकच सांगतो. आश्रमातली रजई आधी कुणी पांघरली होती हे विचारू नये. तिच्या वासावरून ते कळतंच. घोंगडी, विडी, कापूर, मोहरीचं तेल, आणि एकदा तर स्पष्टपणे मेथीची भाजी.

जानेवारीच्या मध्याला, सीहोर जिल्ह्यात, पाऊस आला. हिवाळ्यातल्या या पावसाला तिकडे मावठा म्हणतात. गव्हाला तो सोन्यासारखा, आमच्यासाठी मात्र गारठ्याचा बाप. अंधार पडला, आश्रम पाच किलोमीटर पुढे, सगळे कपडे ओले. एका शेतकऱ्याच्या घरातून हाक आली. ओसरीवर शेकोटी, चहा, मग टिक्कड आणि वांग्याचं भरीत. झोपायची वेळ झाली तेव्हा घरातल्या म्हातारीनं आपली खाट माझ्यासाठी रिकामी केली. आतली खोली, खाट चुलीमागच्या भिंतीला लावलेली. त्याहून चांगली भिंत अख्ख्या मध्य प्रदेशात नसेल. मी नको नको म्हणालो. म्हातारी म्हणाली, "मुझे तो वैसे भी नींद नहीं आती बाबाजी. खाट खाली ही पड़ी रहती है." आणि खाली जमिनीवर पोतं अंथरून आडवी झाली.

पाच मिनिटांत ती घोरू लागली. गुरुजींनी ऐकून काही शिकावं असं, शांत, एकसारखं. मी भिंतीला पाठ लावून छताकडे बघत पडलो. तीन वाजता उठून बसलो. चार वाजता तिला जाग आली तशी ती म्हणाली, "सो लिए?" मी हो म्हणालो. परिक्रमेत खोटं बोलू नये असा नियम आहे, त्याचा हा एक भंग. त्या दिवशी हिनं फोनवर विचारलं तेव्हा मी भिंतीचं काही बोललो नाही. त्यानंतर तिनंही तो प्रश्न विचारायचं सोडलं. मला वाटलं, विसरली असेल.

नरसिंहपूर जिल्हा गुळाचा. तिथला करेलीचा गूळ नावाजलेला. बरमानच्या अलीकडे आम्ही एका गुऱ्हाळावर झोपलो. चुलवाणात रात्रभर चिपाडं जळत होती, वर कढईत रस खदखदत होता, आणि आम्ही चिपाडांच्या ढिगावर. भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, समोर आगीची अशी ऊब की मी स्वेटर काढला. मुलांनी वाटीभर गरम पाक दिला, तो मी थोडा खाल्ला आणि बराचसा झोपेत स्वतःवर सांडला. पुढचे तीन मुक्काम माझ्या पांघरुणाकडे मुंग्यांची दिंडी येत होती. गुरुजी माझ्यापासून लांब झोपू लागले. म्हणजे पुन्हा एकदा भिंतीकडे जागा झाली.

मंडला, दिंडोरी, आणि मग चढ. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, साल आणि धुकं. इतक्या महिन्यांची सोबतीण इथं कुंडातून निघालेली एवढीशी धार. ती ओलांडायची नाही म्हणून माई की बगियाच्या बाजूनं वळसा. पाहिलं, रडलो, ते सगळं झालं. संध्याकाळी साडेपाचला आश्रमाच्या हॉलचं दार उघडलं आणि मी जागच्या जागी थांबलो.

भिंती रिकाम्या होत्या.

चारी भिंती, चारी कोपरे, प्लगसकट. आणि हॉलच्या मधोमध पंचवीस-तीस माणसं मासळी वाळत घातल्यासारखी एकमेकांना चिकटून पडलेली. ओंकारेश्वरच्या पहिल्या रात्रीचं चित्र कुणी तरी उलटं करून ठेवलं होतं. मी विचार केला नाही. विचार करण्याची सवय गेली होती. धावत गेलो आणि सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात पट्टी अंथरली. कुणीच भांडलं नाही. एका साधूनं कंबलातून तोंड काढून माझ्याकडे पाहिलं. तो नजरेनं काही सांगत होता, पण मला तो मत्सर वाटला.

रात्री दहाला भिंत बोलू लागली. दगडाची भिंत, दिवसभर उन्हाचा कवडसाही न पाहिलेली. तिच्यातून थंडी पाण्यासारखी झिरपत होती. आधी पाठ गेली, मग खांदे, मग आपल्याला कान होते हे आठवेनासं झालं. गुरुजी मधल्या ढिगात कधीच शिरले होते. तिथून त्यांचं घोरणं येत होतं आणि कुणी उठून जात नव्हतं, कारण उठलं की जागा जाते. बारा वाजता मी रांगत ढिगाच्या कडेला गेलो आणि हळूच विचारलं, "थोडा सरकेंगे?" अंधारातून गुरुजींचा आवाज आला, "साहेब, मैयानं दिलीय ना भिंत?" मग ते सरकले. एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला तोच कंबलवाला साधू, पाय कुठल्या दिशेला होते कुणास ठाऊक. सकाळी सहाला मला उठवावं लागलं.

परतीच्या दक्षिण तटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऊन वाढत गेलं, लोक अंगणात, गच्चीवर, झाडाखाली झोपू लागले, भिंतींचे भाव पडले. मार्चच्या मध्याला ओंकारेश्वरला पोचलो, जल चढवलं, मैयाला शिऱ्याची कढई केली आणि रेल्वेनं घरी निघालो. रिझर्व्हेशनमध्ये साइड लोअर मिळाला. त्याला एका बाजूला खिडकी असते. मी काही बोललो नाही.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. लॅचकी होती, आवाज न करता आत गेलो. झोपायच्या खोलीत झिरो बल्ब होता. ही भिंतीकडच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. उशाशी तिचा चष्मा, तिची पाण्याची बाटली, आणि माझ्या बाजूच्या प्लगमध्ये तिचा मोबाइल. भिंतीवर खिळा मारून एक कॅलेंडरही टांगलं होतं. माझी उशी पलंगावर नव्हती.

मी दारात उभा राहिलो. दाढी छातीपर्यंत, हातात दंड. हळूच म्हणालो, "नर्मदे हर."

तिनं डोळे उघडले नाहीत. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि म्हणाली, "नर्मदे हर, बाबाजी. आसन दिवाणावर लावलंय."